नातवंड पदरात, सवलत कागदावर

दरवर्षी साधारणतः १५ एप्रिलच्या आत अमेरिकेतील करदात्याला आपले आयकर-विवरणपत्र सरकारला सादर करावे लागते. त्या विवरणपत्राच्या पहिल्या पानावर 'आश्रित' या मथळ्याखाली काही रकाने असतात : आश्रिताचे नाव, त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि करदात्याशी असलेले नाते. नात्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'मुलगा' किंवा 'मुलगी' असे लिहिलेले आढळते. परंतु ज्यांचे स्वतःचे संसार करून झाले, ज्यांच्या थकल्या शरीराला आता विसावा हवा, अशी पुष्कळ वृद्ध माणसे त्या रकान्यात 'नातवंड' असे लिहितात. वरवर पाहता हा हिशेबनिसाच्या अखत्यारीतला किरकोळ विषय आहे. वस्तुतः राज्यसंस्था कुटुंब कशाला मानते, मूल वाढवण्याच्या श्रमाचे मोल काय ठरवते आणि सार्वजनिक तिजोरीतला वाटा कोणाच्या पदरात टाकते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका रकान्याभोवती गोळा झालेली आहेत. जगातील सर्वांत धनाढ्य भांडवलशाही देशात ही उत्तरे कशी दिली जातात, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे.

प्रश्न मूठभर घरांचा नाही. ज्यांच्यावर आपल्या घरात राहणाऱ्या नातवंडांच्या पालनपोषणाची जबाबदारी आहे असे आजीआजोबा अमेरिकेत वीस लाखांहून अधिक आहेत. २००० सालच्या जनगणनेत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला, तेव्हा ही संख्या सुमारे २४ लाख निघाली. १९९६ साली गरिबांच्या मदतीचा जुना कायदा मोडीत काढताना तेथील काँग्रेसने ही मोजणी करण्याचा आदेश दिला होता. मदत आखडती घेताना ओझे कोणाच्या खांद्यावर जाणार, याची कल्पना कायदे करणाऱ्यांना होती असाच त्याचा अर्थ होतो. मधली पिढी का नाहीशी होते, याची कारणे त्या समाजाच्या दुखण्यांचीच यादी आहे. अफूजन्य औषधांचे व्यसन आणि त्यातून ओढवणारे मृत्यू, तुरुंगांत डांबलेली लाखो माणसे, देशाबाहेर काढून दिलेले स्थलांतरित, आजारपण, बेकारी, मोडलेले संसार. बाजाराने आणि तुरुंगाने आईबाप ओढून नेले की मूल आजीच्या ओसरीवर येऊन उभे राहते. आजी त्याला आत घेते. येथवरची गोष्ट कोणत्याही देशात सारखीच आहे. त्यानंतर सरकार काय करते, हा प्रश्न आहे.

मान्यता मिळाली, पण लढून

निष्पक्षपणे सांगायचे तर अमेरिकेचा करविषयक कायदा नात्याच्या बाबतीत कोता नाही. २००४ साली संमत होऊन २००५ पासून लागू झालेल्या सुधारणेने 'मूल' या शब्दाची एकसारखी व्याख्या केली. तीनुसार पोटचे मूल, सावत्र मूल, सांभाळण्यास दिलेले मूल, भाऊ-बहीण आणि या सर्वांचे वंशज हे सारे 'मूल' या संज्ञेत बसतात. अर्थात नातवंडही बसते. मूल १९ वर्षांखालचे, पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालचे असावे. कायमचे आणि पूर्णतः अपंग असल्यास वयाची अट नाही. वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ ते करदात्याच्या घरी राहिलेले असावे, आणि आपला निम्म्याहून अधिक खर्च त्याने स्वतः भागवलेला नसावा. न्यायालयाने पालकत्व सोपवल्याचा हुकूम आजीजवळ असलाच पाहिजे, अशी अट येथे नाही. मूल कोणाच्या घरी झोपते, कोणाच्या घरून शाळेत जाते, हे पाहिले जाते. कागदापेक्षा प्रत्यक्ष सहवासाला महत्त्व देणारी ही दृष्टी स्वागतार्हच म्हटली पाहिजे.

हे शहाणपण आपोआप आलेले नाही. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातील 'आश्रित मुला'च्या व्याख्येत आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलाचा समावेश होता. मंदीने घरे उद्ध्वस्त केल्यानंतर मुले नातलगांच्या आसऱ्याला गेलेली सर्वांना डोळ्यांनी दिसत होती. परंतु पुढे समृद्धीच्या काळात नवरा, बायको आणि त्यांची दोन मुले हेच काय ते कुटुंब, अशी समजूत घट्ट होत गेली. ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलंड या नगराने तर एका घरात कोणी राहावे याचा नियमच केला आणि त्यात 'कुटुंब' इतके आखूड करून टाकले की, दोन वेगवेगळ्या मुलांची मुले एका आजीजवळ राहणे हा गुन्हा ठरला. इनेझ मूर या आजीबाईंच्या घरी त्यांचा एक मुलगा, त्याचे मूल आणि दुसऱ्या मुलाचे मूल असे राहत होते. या दुसऱ्या नातवाची आई वारल्यामुळे तो तान्हेपणीच आजीकडे आला होता. नगरपालिकेने त्याला 'बेकायदा रहिवासी' ठरवले. त्याला घराबाहेर काढण्यास आजीने नकार दिला, तेव्हा तिला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड अशी शिक्षा झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने ती शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी आजीआजोबा, काका, आत्या यांच्यासह एकत्र राहणाऱ्या कुटुंबाची परंपराही घटनेच्या संरक्षणास तितकीच पात्र असल्याचे मान्य केले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी स्थलांतरितांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या जीवनात विस्तारित कुटुंब हे जगण्याचे साधन असल्याकडे लक्ष वेधले. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर नातवाला घरात ठेवल्याबद्दल आजी तुरुंगात गेली असती. आज विवरणपत्रावर 'नातवंड' हा शब्द सहज लिहिता येतो, त्यामागे अशा हट्टी माणसांची झुंज आहे.

नाते मान्य, पैसा अमान्य

तथापि नाते मान्य करणे वेगळे आणि त्या नात्याचा भार वाटून घेणे वेगळे. खरी मेख या दुसऱ्या ठिकाणी आहे.

अमेरिकेच्या आयकरात मुलांसाठी सवलत प्रथम १९१७ साली, महायुद्धासाठी कर वाढवताना आली. दर आश्रित मुलामागे २०० डॉलर उत्पन्न करमुक्त धरावे, असे ठरले. पुढे १९४८ ते १९६९ या काळात दर आश्रितामागे ६०० डॉलर वजावट मिळत असे. ही वजावट सर्वांना सारखी असे वाटते, पण हिशेब मांडला की तिचे खरे रूप दिसते. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वांत वरच्या पायरीवर ७० टक्के कर होता. तेथील श्रीमंताचे ६०० डॉलरच्या वजावटीमुळे ४२० डॉलर वाचत. सर्वांत खालच्या पायरीवर १४ टक्के कर भरणाऱ्याचे वाचत ८४ डॉलर. ज्याच्यावर कर बसण्याइतके उत्पन्नच नाही, त्याचे वाचत शून्य. म्हणजे गव्हर्नेसच्या हाती वाढणाऱ्या श्रीमंताच्या मुलासाठी सरकारी तिजोरी गरिबाच्या मुलाच्या पाचपट उदार होती, आणि सर्वांत गरिबाच्या मुलाचे अस्तित्वच तिला माहीत नव्हते.

ही वजावट २०१७ च्या कायद्याने स्थगित केली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची संपवली. तिची जागा १९९७ साली सुरू झालेल्या बाल-करसवलतीने घेतली आहे. ही रक्कम उत्पन्नातून वजा न होता थेट करातून वजा होते, ही त्यातली जमेची बाजू. २०२५ सालच्या उत्पन्नासाठी १७ वर्षांखालील दर मुलामागे ती २,२०० डॉलर आहे. करापेक्षा सवलत जास्त झाली, तर उरलेल्या भागापैकी १,७०० डॉलरपर्यंतची रक्कम रोखीने परत मिळू शकते. येथवर ऐकणाऱ्याला वाटेल की गरीब आजीची सोय झाली. पण या परताव्याला एक अट जोडलेली आहे. वर्षभरात श्रमाने मिळवलेले उत्पन्न २,५०० डॉलरच्या वर जितके असेल, त्याच्या १५ टक्केच परतावा मिळतो. श्रमाने मिळवलेले उत्पन्न म्हणजे पगार, मजुरी किंवा स्वतःच्या धंद्यातील कमाई. निवृत्तिवेतन त्यात धरत नाहीत.

आता तीन घरे डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्या घरात पतिपत्नी दोघे मिळून वर्षाला चार लाख डॉलर कमावतात. त्यांना आठ वर्षांचे एक मूल आहे. त्यांना २,२०० डॉलरची सवलत पुरेपूर मिळते, कारण जोडप्याच्या बाबतीत सवलतीला कात्री लागते ती चार लाख डॉलरच्या पुढे. दुसऱ्या घरात एक आजी आठ वर्षांच्या नातीला सांभाळते आणि दुकानात अर्धवेळ काम करून वर्षाला १०,००० डॉलर मिळवते. २,५०० च्या वरचे ७,५०० आणि त्याचे १५ टक्के, म्हणजे तिला १,१२५ डॉलर मिळतील. तिसऱ्या घरातली आजी ७२ वर्षांची आहे, गुडघ्यांनी अधू आहे, आयुष्यभर काम करून मिळवलेल्या सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनाखेरीज तिला दुसरे उत्पन्न नाही. तिची नातही आठ वर्षांचीच आहे. तिला या सवलतीतून मिळते शून्य. कायदा तिला सांगतो : ही नात तुझी आश्रित आहे हे मान्य, नात्याची अट पुरी, वयाची पुरी, सहवासाची पुरी, मात्र तू कमावती नाहीस. १९७५ पासून चालत आलेली कमावत्यांची करसवलतही नावाप्रमाणे कमाईलाच बांधलेली असल्याने तीही तिच्या कामाची नाही. एकटीने घर चालवणाऱ्या कुटुंबप्रमुखाला करआकारणीत मिळणारी सूट कागदावर तिचीही आहे, परंतु ज्याच्यावर करच बसत नाही त्याने सूट घेऊन करायचे काय?

तीन घरांतली तीन मुले सारखीच आहेत. तिघांनाही सारखीच भूक लागते, तिघांच्याही पायांतले जोडे सारख्याच वेगाने लहान होतात. मग मदतीची रक्कम मुलाच्या गरजेवर न ठरता पालकाच्या पगारावर ठरावी, यामागचे तत्त्व कोणते? तत्त्व असे की, बाजारात ज्या श्रमाला वेतन मिळते तोच श्रम. पहाटे उठून नातीला न्हाऊ घालणे, तिला शाळेत पोचवणे, रात्री तिच्या उशाशी बसून आईची वाट पाहणारे तिचे मन रमवणे, याला बाजारात भाव नाही. सबब कायद्याच्या हिशेबी ती आजी रिकामी बसलेली आहे. तीच आजी शेजारणीचे मूल पैसे घेऊन सांभाळू लागली, तर ती लगेच 'कमावती' ठरेल आणि सवलतीस पात्रही होईल! घरातल्या स्त्रीच्या श्रमाकडे डोळेझाक करणाऱ्या अर्थव्यवस्थेचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसऱ्या एका दारावरही असाच अडसर आहे. निवृत्त माणसाच्या अल्पवयीन मुलाला सोशल सिक्युरिटीतून वेगळा भत्ता मिळतो. आजीआजोबांच्या खात्यावर नातवंडालाही तो मिळू शकतो, पण साधारणतः मुलाचे आईबाप वारलेले किंवा अपंग असतील तरच. अन्यथा आजीने नातवंडाला रीतसर दत्तक घ्यावे लागते. आई व्यसनात बुडाली आहे आणि बाप तुरुंगात आहे, अशा मुलाचे आईबाप कायद्याच्या दृष्टीने हयात आणि धडधाकट आहेत. त्याला भत्ता नाही. दत्तक घ्यायचे, तर पोटच्या लेकीचे मातृत्व न्यायालयात संपुष्टात आणावे लागते. लेक आज ना उद्या सुधारून परत येईल, या आशेवर जगणाऱ्या आजीला ही अट म्हणजे काळजावर दगड ठेवणेच होय.

संशयाचा जाच

जी आजी अजून काम करते आणि सवलतीस पात्र ठरते, तिची वाटही सरळ नाही. एकाच छपराखाली आजी, लेक आणि नातू राहत असतील, तर नातवावर पहिला हक्क आईचा. आईने तो सांगितला नाही, तरच आजीला सांगता येतो. तोही तिचे करविषयक उत्पन्न आईच्या उत्पन्नाहून अधिक असेल तर. निवृत्तिवेतनाचा करमुक्त भाग या तुलनेत धरलाच जात नसल्याने, लेक थोडेफार कमावत असली तरी म्हातारी मागे पडते. आईबाप दुसरीकडे राहत असतील, तर कायद्याने हक्क आजीचा. पण प्रत्यक्षात मूल न सांभाळणाऱ्या बापाने मुलाचा क्रमांक आपल्या विवरणपत्रावर आधी टाकून दिला की वाद आजीच्या दारात येतो. मग शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, घरमालकाची चिठ्ठी अशा पुराव्यांचे गाठोडे बांधून नातू आपल्याच घरी झोपतो हे तिने सिद्ध करायचे.

खोटे आश्रित दाखवणारे लोक होते आणि आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. १९८६ च्या करसुधारणेने पाच वर्षांवरील आश्रितांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक देणे सक्तीचे केले, तेव्हा पुढच्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख आश्रित एकाएकी नाहीसे झाले. विभक्त झालेल्या आईबापांनी एकच मूल दोघांकडे दाखवणे हाही त्यातला एक प्रकार होता. अशी फसवणूक रोखलीच पाहिजे. परंतु गैरप्रकार रोखण्याची यंत्रणा कोणावर रोखली जाते, हे पाहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इतरांसमवेत केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कृष्णवर्णीय करदात्यांच्या विवरणपत्रांची तपासणी इतरांच्या तुलनेत २.९ ते ४.७ पट अधिक प्रमाणात होत होती, आणि याचे मोठे कारण कमावत्यांच्या करसवलतीच्या तपासण्यांत होते. त्याच वर्षी कर-खात्याचे आयुक्त डॅनियल वर्फेल यांनी या तफावतीची कबुली दिली. बड्या भांडवलदाराचे गुंतागुंतीचे हिशेब तपासायला कुशल माणसे आणि दीर्घ काळ लागतो. गरीब आजीला मात्र टपालाने एक पत्र पाठवले की भागते. उत्तर देता आले नाही, तर तिची सवलत रद्द. यंत्रणा अशी सोपी वाट धरते आणि तिला कार्यक्षमता म्हणतात.

सहा महिन्यांचा धडा

ही अवस्था बदलता येत नाही, असे म्हणण्याची सोय २०२१ सालाने ठेवलेली नाही. कोविडच्या साथीत संमत झालेल्या कायद्याने त्या एका वर्षापुरती बाल-करसवलत सहा वर्षांखालील मुलाला ३,६०० डॉलर आणि ६ ते १७ वर्षांच्या मुलाला ३,००० डॉलर इतकी वाढवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कमाईची अट काढून टाकली. निवृत्तिवेतनावर जगणारी आजी प्रथमच इतरांच्या बरोबरीने पूर्ण रकमेला पात्र झाली. निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर अशी दरमहा घरपोच देण्याचे ठरले. त्यातही त्रुटी होत्या. मासिक रक्कम जुन्या विवरणपत्रांवरून ठरत असल्याने, मधल्या काळात आजीकडे आलेल्या मुलाचा पैसा आईबापांच्या नावे जाण्याचा संभव होता. ज्यांनी विवरणपत्र कधी भरलेच नव्हते, त्यांना नव्याने नाव नोंदवावे लागले. एवढे असूनही परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. जनगणना खात्याच्या पूरक मापनानुसार मुलांमधील दारिद्र्याचे प्रमाण २०२१ मध्ये ५.२ टक्के इतके खाली आले. सवलत मूळपदावर नेली गेली, साथीच्या काळातील इतर मदतीही थांबल्या, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. एका वर्षात दुपटीहून अधिक! दारिद्र्य ही नियती नसून ते अंदाजपत्रकातला निर्णय असते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

मग ही योजना का मोडली? सेनेटमध्ये बहुमत काठावरचे होते. पश्चिम व्हर्जिनियाचे सेनेटर जो मॅन्चिन यांनी कामाची अट हवी असा आग्रह धरला आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुदतवाढीचा अंतर्भाव असलेल्या विधेयकाला आपला नकार जाहीर केला. पश्चिम व्हर्जिनिया हे अमली द्रव्यांनी होणाऱ्या मृत्यूंच्या दरात वर्षानुवर्षे देशात आघाडीवर राहिलेले, खाणकामगारांचे राज्य. ज्या राज्यात मधली पिढी व्यसनाने कापली गेली आणि म्हाताऱ्यांनी नातवंडे पदरात घेतली, त्याच राज्याच्या प्रतिनिधीने 'आधी काम, मग मदत' असे म्हणावे, यातला विरोधाभास भाष्य करण्याच्या पलीकडचा आहे.

बिनशर्त मदतीने लोक आळशी होतात, हा या पक्षाचा जुना युक्तिवाद. सत्तरी ओलांडलेल्या आजीच्या बाबतीत तो हास्यास्पद आहे. तिने कोणत्या कारखान्यात रुजू व्हावे अशी अपेक्षा आहे? आणि ती कामाला गेली तर नातीला कोणी सांभाळायचे? खर्च परवडत नाही, हा दुसरा युक्तिवाद. आजीने नातवंडाला दारातूनच परत पाठवले, तर सरकारला ते परक्या घरी सांभाळायला द्यावे लागते आणि त्याचा खर्च उचलावा लागतो. नातलगांच्या ममतेमुळे तिजोरीचा हा सारा पैसा वाचतो. आजी सरकारवर भार टाकत नाही. सरकारच आपला भार आजीवर टाकते आहे.

आपल्या देशातील चित्र

हे वाचून भारतीय वाचकाने एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगून सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. सांगली-साताऱ्यातून किंवा पुण्या-मुंबईतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना तेथील नियम लागू आहेतच. परंतु येथील कायद्यांतही नातवंडाची जागा फार सन्मानाची राहिलेली नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने शाळेच्या फीवरील सवलत दिली, ती करदात्याच्या स्वतःच्या दोन मुलांपुरती. अपंग आश्रिताच्या औषधोपचारावरील सवलतीसाठी आश्रित म्हणून पती-पत्नी, मुले, आईवडील आणि भाऊ-बहीण यांची यादी दिली. त्या यादीत नातवंड नाही. अपंग नातवाला सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला ही सवलत मागता येत नव्हती. मात्र त्याच कायद्यात 'हिंदू अविभक्त कुटुंब' हा स्वतंत्र करदाता म्हणून विराजमान होता, १९२२ च्या कायद्यापासून चालत आलेला! त्या कुटुंबाच्या कोणत्याही सदस्यासाठी, म्हणजे नातवंडासाठीही, विम्याचे हप्ते भरून वजावट घेता येत होती. थोडक्यात, कुटुंबामागे इस्टेट असली की आजोबा-नातू एकत्र. इस्टेट नसली की ते कायद्याला परके. एकत्र कुटुंबाचा गौरव मालमत्तेपाशी येऊन थांबला.

कामगारांच्या कायद्यातली गोष्ट याहून बोचरी आहे. कामावर मरण पावलेल्या कामगाराच्या आश्रितांना भरपाई देण्यासाठी १९२३ साली जो कायदा झाला, त्याने आश्रितांची यादी केली. त्यात वारलेल्या मुलाचे अज्ञान मूल आश्रित ठरते. वारलेल्या मुलीचे मूल मात्र त्याच्या आईबापांपैकी कोणीही हयात नसेल तरच आश्रित ठरते. मुलाचे मूल आपले, मुलीचे मूल जावयाचे, हा पुरुषप्रधान समाजाचा दंडक कायद्याच्या कलमात जाऊन बसला. जावई परागंदा झालेला, लेक वारलेली आणि तिचे पोर गिरणीकामगार आजोबांच्या ताटात जेवणारे, असे किती संसार या एका वाक्याने भरपाईबाहेर राहिले असतील!

आणि आयकराशी ज्यांचा कधी संबंधच येत नाही, त्या बहुसंख्य कष्टकऱ्यांचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, तेव्हा कित्येक मुले गावी आजीआजोबांजवळ राहतात. साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे त्या म्हाताऱ्यांचा बिनमोल श्रम आहे, पण तो कोणत्याही हिशेबात धरलेला नाही. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना अनाथ, निराधार आणि एकल पालकांच्या मुलांना दरमहा अनुदान देते. २०२३ साली ही रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आली. मुलाला संस्थेत न टाकता घरच्या वातावरणात वाढू द्यावे, हे तिचे तत्त्व योग्यच आहे. परंतु गावातल्या अशिक्षित आजीने मृत्यूचे दाखले, रहिवासाचे दाखले, उत्पन्नाचे दाखले गोळा करीत तालुक्याच्या कचेरीत किती खेटे घालावेत, याची मर्यादा कोठे ठरलेली नाही. अमेरिकेतील आजीला टपालाने येणारे पत्र आणि इथल्या आजीला बाबूने सांगितलेले 'उद्या या', हे एकाच वृत्तीचे दोन अवतार आहेत.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. मुलाच्या पालनपोषणासाठी समाजाने द्यावयाचा वाटा ही पालकाच्या कमाईवर मिळणारी बक्षिसी असता कामा नये. तो मुलाचा हक्क असला पाहिजे. मूल ज्या घरी राहते, त्या घरी तो हक्क मुलाबरोबर चालत गेला पाहिजे, मग सांभाळणारी आई असो, आजी असो वा आत्या. त्याला कमाईची अट नको, मुलाचे मूल आणि मुलीचे मूल हा भेद नको. सहवासाचा पुरावा गावपातळीवर, शाळेच्या आणि अंगणवाडीच्या नोंदींवरून सरकारनेच घ्यावा. म्हातारीला तालुक्याला बोलावू नये. करसवलतीचा मार्ग मूलतः वरच्या थरासाठी बांधलेला आहे. त्याला कितीही फाटे फोडले, तरी तो तळाच्या घरापर्यंत पोचत नाही, हे अमेरिकेच्या शंभर वर्षांहून अधिक काळच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. आणि ती अट काढली की काय होते, हे त्याच देशाच्या एका वर्षाने दाखवून दिले आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच ठरते. आपापल्या तालुक्यात आजीआजोबांच्या आधाराने वाढणारी मुले किती, त्यांपैकी बालसंगोपनाचे अनुदान कितींना मिळते, कितींचे अर्ज कोणत्या कागदापायी अडून पडले आहेत, याची गावनिहाय यादी करून ती घेऊन कचेरीवर गेले पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या मागण्यांत कोयत्याच्या दराबरोबर गावी राहिलेल्या मुलांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या भत्त्याची मागणी आली पाहिजे. ईस्ट क्लीव्हलंडच्या आजीबाईंनी नातवाला घराबाहेर काढण्यास नकार दिला, आणि कायद्याला आपली व्याख्या बदलावी लागली. सत्ताधाऱ्यांना स्वतःहून कुटुंबाची व्याख्या रुंद करण्याची बुद्धी होत नसते. ती रुंद करून घ्यावी लागते.